रागाचा उपास

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई म्हणायची. नाक जरा लांब असतं तर आम्हाला पळायला तेवढा वेळ तरी मिळाला असता, असं नवरा म्हणतो. जळगावच्या एका डाळ मिलमध्ये मी निवडणीच्या हॉलची सुपरवायझर होते. चाळीसेक बायका, दोन लांब पट्टे, आणि पट्ट्यांवरून सरकत जाणारी तुरीची नाहीतर हरभऱ्याची डाळ. बायका दोन्ही बाजूंना बसून खडा, काळा दाणा, सालाचा तुकडा वेचून काढतात. मशीनचा आवाज इतका की शेजारणीचं बोलणंही धड ऐकू येत नाही, पण माझा आवाज शेवटच्या खिडकीपर्यंत पोचायचा. पदर खोचा, बांगड्या वर सारा, रुळाजवळ हात नको. सकाळी आठपासून हीच आरती.

मी कॅथलिक आहे. हॉलमध्ये मी एकटीच. माझं शिक्षण धुळ्याला सिस्टरांच्या होस्टेलमध्ये झालं. बाबा तिथल्या मिशनच्या जीपवर ड्रायव्हर होते. रोज संध्याकाळी जेवणाआधी घंटा व्हायची आणि आम्ही मुली डोळे मिटून त्या दिवसाचा हिशेब मनातल्या मनात तपासायचो. कोणाला टोचून बोलले, कोणाची वस्तू न विचारता घेतली, कुठे खोटं बोलले. ती सवय अजून आहे. माझ्या यादीत सगळ्यात वर राग असतो. होस्टेलमध्ये होता, लग्नानंतर होता, सुपरवायझर झाल्यावर तर त्याला पगारी नोकरीच लागली.

दोन वर्षांपूर्वी, ईस्टरअगोदरचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी, धुळ्याला आमच्यासारख्या नोकरी करणाऱ्यांसाठी दोन दिवसांचं शिबिर झालं. हाताखाली माणसं असणाऱ्यांनी कसं वागावं, असा विषय होता. एका म्हाताऱ्या सिस्टरांनी फळ्यावर चार गुण लिहिले: विवेक, न्याय, धैर्य, संयम. म्हणाल्या, जो स्वतःला आवरू शकत नाही तो दुसऱ्याला काय चालवणार? एखादी सवय धरा आणि ईस्टरपर्यंत सोडू नका. मी चारांतला संयम उचलला, कारण तो मोजता येतो. ओरडले की मोडला, नाही ओरडले की टिकला. बाकीच्या तिघांचं काय करायचं ते मला तेव्हा सुचलंच नाही.

राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन मी कामावर गेले. बायकांनी विचारलं, काय लागलं बाई कपाळाला? मी सांगितलं, आमचा उपास सुरू झाला. आमच्या हॉलमध्ये उपासांना तोटा नाही, सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी चालूच असतात. त्यामुळे लगेच चौकशी झाली, साबुदाणा चालतो का, भगर चालते का? मी म्हटलं, माझा यंदा रागाचा उपास आहे, ईस्टरपर्यंत आवाज चढवणार नाही. असा हशा पिकला की ऑपरेटर पट्टा थांबवून बघायला आला.

सगळ्यात जास्त हसली ती अक्का. पहिल्या पट्ट्याच्या टोकाला, पट्टा फिरवणाऱ्या रुळाजवळ तिची जागा. शिंदखेड्याकडची, मुलाबरोबर जळगावला आलेली. वय साठीच्या आत-बाहेर, पण हात असा चालायचा की तिच्यापुढून गेलेल्या डाळीत खडा सापडायचा नाही. तिला मी अहो-जाहो करायचे, ती मला अगं-तुगं. तिच्या बोलीत मिलमालक शेठजींनासुद्धा 'तू'च असतो. त्या दिवशी ती म्हणाली, "ईस्टरपावत? तुन्हाघाई व्हवाव नही, बाई." म्हणजे तुझ्याच्याने होणार नाही.

झालं मात्र. पहिला आठवडा जिवावर आला. जीभ दातांखाली धरून धरून तोंड आलं. सांगायचं ते मी जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, हळू सांगायला लागले. कधी दोनदा सांगायला लागायचं, कधी ऐकूच जायचं नाही. स्वयंपाकघरातल्या चर्चच्या कॅलेंडरवर रोज पेन्सिलने एक छोटा क्रूस काढायचे. उपवासकाळात रविवार मोजत नाहीत, पण मी रविवारीही काढायचे, कारण रांगेत मोकळा चौकोन मला बघवत नव्हता. नवरा म्हणाला, तू आजारी तर नाहीस ना? मला ते फार आवडलं. तिसऱ्या आठवड्यात अक्का म्हणाली, "वरड ना व बाई, हॉल सुना सुना लागस." तेही आवडलं. मी मनातल्या मनात आपलीच पाठ थोपटून घेत होते आणि त्याला प्रार्थना समजत होते.

चौथ्या आठवड्यातली गोष्ट. उन्हं तापायला लागली होती, पंखे गरम वारा फिरवत होते. शेठजींनी दिलेले अॅप्रन बायकांनी केव्हाच खिळ्याला टांगून ठेवले होते. त्यावरून एरवी मी हॉल डोक्यावर घेतला असता. दुपारच्या जेवणानंतर पट्टा सुरू झाला तेव्हा मी दारापाशी पोत्यांची नोंद बघत उभी होते. तिथून मला दिसलं, अक्काचा पदर सुटलाय. सुटून तिच्या उजव्या बाजूला लोंबतोय, रुळापासून वीतभर. मी तोंड उघडलं. श्वासही भरून घेतला होता. आणि मग मिटलं. मनात आलं, इतके दिवस टिकवलं, आता पदरासाठी मोडू? या पानावरची उरलेली दोन पोती बघून होऊ देत, मग जाऊन हळूच सांगते. त्या क्षणी मला, खरं सांगते, फार बरं वाटलं. जिंकल्यासारखं.

दोन पोती बघून व्हायच्या आत किंकाळी आली. पदर रुळात गेला होता आणि तो ओढून काढायला अक्काने उजवा हात घातला होता. पट्टा थांबेपर्यंत दोन बोटं गेली होती.

रिक्षात तिला दवाखान्यात नेताना ती ओरडली नाही. माझा हात धरून बसली होती. तिच्या हातावर गुंडाळलेला नवा पंचा रिक्षा सिग्नलला पोचायच्या आत लाल झाला. मी तिच्याशी काहीबाही बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यापुढे टाइप केलेला कागद होता. सुपरवायझरने वारंवार आणि त्या दिवशीही सूचना देऊनही कामगाराने पदर खोचला नाही, असं त्यात होतं. शेठजी वाईट माणूस नाहीत. दवाखान्याचं त्यांनी लगेच बघितलं होतं. पण तपासणीला सरकारी साहेब येणार होते, आणि चूक कोणाची तरी असायला हवी होती. "तुम्ही तर रोज घसा फोडून सांगता मॅडम," ते म्हणाले, "सगळा हॉल साक्षीला आहे." माझ्या उपासाचं त्यांच्या कानावर आलं नव्हतं, पण हॉल खरंच साक्षीला होता. त्या दिवशी मी ओरडले का, हे आठवून बघायची कोणाला गरजच वाटली नव्हती. सोळा वर्षांचं माझं ओरडणं माझ्या मदतीला धावून आलं होतं.

सांगणं न ऐकणाऱ्या कामगाराला परत घेता येणार नाही, असं खालच्या ओळीत होतं. ती ओळ मी वाचली. वाचून सही केली.

त्यानंतर माझा पाय घरात ठरेना. जपमाळ हातात घ्यायचे, दुसऱ्या दहा मण्यांपर्यंत पोचायचे आणि उठून गॅस बंद आहे का बघायचे. स्कूटी काढून उगाच शहरभर फिरायचे, सराफ्यातून स्टेशन, स्टेशनवरून हायवे, पुन्हा घर. कॅलेंडरवरचे क्रूस मात्र मी काढत राहिले. नियम तसा मोडला नव्हताच, आवाज चढवला कुठे होता? संध्याकाळी दिवस तपासायला बसले की याद्या भराभर व्हायच्या, नवऱ्याशी तुटक बोलले, चर्चमधल्या मिस्सेत लक्ष नव्हतं, आणि त्या मोठ्या गोष्टीच्या कडेने मी अशी वळून जायचे जसं रस्त्यात कोणी घेणेकरी दिसल्यावर वळतात. मूग गिळून बसणं म्हणतात ते मी डाळ मिलमध्ये राहून शिकले.

अक्काकडे एकदाच गेले, तेही सगळ्या बायकांबरोबर. ती पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. विचारत होती, मला कधी बोलावतील? डाव्या हाताने निवडता येतं, मी घरी करून पाहिलं. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, आधी जखम भरू द्या.

ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी सगळे झावळ्या घेऊन चर्चभोवती फिरले, मीही फिरले. मिस्सेच्या सुरुवातीला आम्ही छातीवर हात मारून पापं कबूल करतो, विचाराने केलेली, बोलण्याने केलेली, हातून झालेली, आणि करायचं ते न केल्याने झालेली. लहानपणापासून ते शेवटचं मला कधी नीट कळलं नव्हतं. न करण्याचं कसलं पाप, असं वाटायचं, उलट तेवढेच कष्ट वाचले. त्या रविवारी तिथे पोचल्यावर माझा हात छातीवरच राहिला आणि पुढचे शब्द मला म्हणता आले नाहीत.

दोन दिवसांनी मी पापनिवेदनाला गेले. आधी किरकोळ सांगितलं. मग म्हटलं, फादर, यंदा रागावर मात्र ताबा ठेवला. जाळीपलीकडून फादर म्हणाले, "मग रडता कशाला?" तेव्हा सगळं सांगितलं. पदर, दोन पोती, सही. ते मग म्हणाले, "क्षमा इथे मिळेल. त्या बाईंची नोकरी माझ्या हातात नाही. ती तुमच्या सहीखाली आहे." प्रायश्चित्त म्हणून मला वाटलं होतं मोठी प्रार्थना देतील. त्यांनी एक 'आमच्या बापा' दिली, फक्त एक, आणि ती मिलच्या दारात म्हणायला सांगितली.

पवित्र गुरुवारी सकाळी ती प्रार्थना म्हणून मी शेठजींसमोर उभी राहिले. म्हटलं, त्या दिवशी मी सांगितलं नव्हतं. मला पदर दिसला होता आणि मी गप्प राहिले. शेठजींनी चष्मा काढला. "तुम्हाला कोणी विचारलं होतं का, मॅडम?" नाही म्हटलं. "सही कोणाची आहे?" माझी. "मग आता?" मी पिशवीतून स्वतः लिहून आणलेला कागद काढून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग उठून खिडकीपाशी गेले, तिथून हॉल दिसतो. म्हणाले, ती बाई येऊ दे परत, पोत्यांच्या चिठ्ठ्या लावायचं बसून काम देतो. पण तुम्हाला आता मी हॉलवर कसं ठेवू? सोमवारपासून पट्ट्यावर बसा. मी बरं म्हटलं.

बाहेर आले आणि मला पंख फुटले. नोकरी खाली आली होती, घरी काय सांगायचं ते ठरलं नव्हतं, पण कित्येक दिवसांनी माझा पाय जमिनीवर नीट पडत होता. धैर्य झालं, न्याय झाला, मला तो फळा दिसायला लागला. कोपऱ्यावरून डझनभर केळी घेतली आणि स्कूटी थेट अक्काच्या घराकडे वळवली. रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होते. ती रडेल, मग मी रडेन, ती माझ्या डोक्यावर हात ठेवेल, असं सगळं मी ठरवूनच टाकलं होतं. इतकी मी कोडगी.

सून चहा ठेवून पाण्याला गेली. आम्ही दोघीच होतो. मी सगळं एका दमात सांगितलं, उपास, पोती, कागदावरची सही, आणि आजचा कागद. तुम्हाला परत घेतायत, अक्का, हे सगळ्यात शेवटी सांगितलं.

अक्काने पट्टीच्या हाताकडे बघितलं. "तुले दिसनं व्हतं, माले ठाऊक शे," ती म्हणाली.

मला काही कळेना. तुम्हाला कसं ठाऊक, मी विचारलं.

"तू दारमा उभी व्हती. तुन्ही नजर मन्हा पदरवर व्हती, मी दखं. मन्हा हात डाळमा व्हता. मी वाट दखी, आते तू वरडशी, मंग खोचसू. तू वरडनी नही. मंग मी समजनी, बठ्ठं ठीक शे." म्हणजे सगळं ठीक आहे.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.