हाक मारताना हेमिश

आमची शेवटची भेट मस्कतच्या हॉस्पिटलात झाली. नर्स "मिस्टर जेम्स, मिस्टर जेम्स" म्हणत होती, तो डोळे उघडत नव्हता. मी कानाशी जाऊन "हेमिश" म्हटलं. डोळे उघडले... आणि तो त्याच्या गेलिक भाषेत, स्कॉटिश डोंगराळ मुलखातल्या जुन्या बोलीत, बराच वेळ बोलत राहिला. मला अक्षरही कळलं नाही. त्याच आठवड्यात तो गेला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून आम्ही ओमानमधल्या सहम गावच्या शेतांवर एकत्र होतो. तो पाण्याचा इंजिनिअर, मी पंप बसवणारा. पासपोर्टवर जेम्स, पण आईबापांनी ठेवलेलं नाव शेमस. हाक मारताना त्याच्या भाषेत त्याचं हेमिश होतं. "आमच्याकडेही गणपतचा गणपता होतो," मी म्हणालो आणि आमचं जमलं.

त्याच्या डोंगरात प्रत्येक कुळाचा एक नायक असे. कुळाला शब्द 'क्लान', मूळ अर्थ लेकरं. पुढे नायकांना मेंढ्यांत फायदा दिसला आणि त्यांनी लेकरांनाच जमिनीवरून हाकललं. मी म्हटलं, आमच्या कोकणात कूळ म्हणजे वंश आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाराही. तो हसेल असं वाटलं होतं.

एकदा मस्कतमधल्या स्कॉटिश लोकांच्या जेवणाला त्याच्याच कुळाचा नायक पाहुणा म्हणून आला. हेमिश मलाही घेऊन गेला. नायकाने हात पुढे केला. हेमिश गेलिकमध्ये काही बोलला. नायक गोड हसून म्हणाला, "माफ करा, मला ती भाषा येत नाही."

"तुमच्या खापरपणजोबांनी आमचं छप्पर जाळलं," हेमिश इंग्रजीत म्हणाला. "आत माझी खापरपणजी बाळंतीण होती."

"फार वाईट काळ होता तो," म्हणत नायक पुढच्या माणसाकडे वळला.

गाडीत हेमिश एवढंच म्हणाला, "शिवीसुद्धा इंग्रजीत द्यावी लागली रे..."

दफनाला त्याचा मुलगा आला, एडिनबराहून. लाकडी क्रूसावर कागदपत्रांप्रमाणे जेम्स लिहिलं होतं. "तुम्ही बाबांना हेमिश का म्हणता?" त्याने विचारलं. मी सांगितलं. मग हेही सांगितलं की शुक्रवारी जेवण झालं की ते बापजाद्यांची नावं म्हणायचे, ओमानी लोक 'बिन, बिन', म्हणजे अमक्याचा मुलगा, तमक्याचा मुलगा, करत मागे जातात तशी, थेट त्या जळलेल्या घरापर्यंत.

"ती नावं मला सांगाल?" तो म्हणाला.

"शेमसचे वडील इयान," मी सुरुवात केली. "इयानचे डोनाल. डोनालचे..."

मुलगा वाट बघत उभा राहिला. पुढचं नाव मला येत नव्हतं.