मोतद्दाराचा डावा हात

हे मी आजवर माझ्या सख्ख्या भावालाही सांगितलेलं नाही. एकदोनदा तोंडापर्यंत आलं होतं — मग मी पाण्याचा पेला उचलला आणि विषय बदलला. आज तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यांना सांगायचं धैर्य माझ्यात कधीच नव्हतं.

सगळं नीट सांगायचं तर शनिवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांपासून सुरुवात करावी लागेल. खाली छत्र्या दुरुस्तीचं दुकान आणि वर आमचं स्कॅनिंगचं ऑफिस. तेव्हा पुण्यात जो तो काहीतरी कॉम्प्युटराइज्ड करायला निघाला होता. आम्ही कारखान्यांचे नकाशे, वकिलांची जुनी कागदपत्रं, लग्नाचे अल्बम, जे येईल ते स्कॅन करत असू. मी तिथली सगळ्यात जुनी. सर बाहेर गेले की गल्ल्याची किल्ली माझ्याकडे असे. मला सगळे ताई म्हणत आणि मला ते फार आवडे, हेही कबूल करून टाकते.

मग सुजाता आली. बी.कॉम., वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा, केस घट्ट बांधलेले, कामात वाघीण. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. मला जे सॉफ्टवेअर शिकायला सहा महिने लागले ते तिनं पावसाळा संपायच्या आत शिकून घेतलं. सर आधी म्हणत, "ताईंना विचारा." हळूहळू म्हणू लागले, "सुजाताला विचारा." एवढंच. पण तुम्ही कधी अशा ठिकाणी बसला आहात का, जिथे आपलं नाव हळूहळू कमी ऐकू येऊ लागतं? माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. तिनं डबा उघडला तरी मला राग यायचा. भाजीचा वास चांगला यायचा म्हणून जास्तच.

ती बौद्ध. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण ते माझ्या मनात होतं. आमच्या घरात आम्ही जातपात मानत नाही — असं आम्ही सगळ्यांना सांगत असू, कुणी न विचारताच.

आणि मग त्या काचा आल्या.

लष्करातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला होता. लष्कर म्हणजे आपलं कॅम्प, गोऱ्यांनी आपल्या पलटणींसाठी वसवलेलं. त्या स्टुडिओत इंग्रजांच्या काळात काचेवर फोटो काढत. त्या निगेटिव्ह काचा पेट्यांमध्ये पडून होत्या आणि परदेशातल्या एका संस्थेला त्या कॉम्प्युटरवर हव्या होत्या. काम सरांना मिळालं. साहेब लोक, त्यांच्या मडमा, फ्रिलचे झगे घातलेली पोरं, मिशीवाले सुभेदार, पारशी दुकानदार, आया, खानसामे, शिपाई. प्रत्येक काच कागदाच्या पाकिटात. साहेबाच्या पाकिटावर त्याचं पूर्ण नाव, हुद्दा, पलटण. आयाच्या पाकिटावर नुसतं आया. मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा, त्याच्या पाकिटावर सर्व्हंट.

आता माझ्या घरचं सांगायला हवं. आमचे पणजोबा लष्करात कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क होते. पगडी, उपरणं, हातात काठी अशा थाटात त्यांनी तिथल्या स्टुडिओत फोटो काढून घेतला होता, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. फोटो पानशेतच्या पुरात गेला. त्या फोटोबद्दल बाबा इतकं बोलत, इतकं बोलत, की तो नसल्याचं आम्ही विसरून जात असू. पेट्या आल्याचं कळलं त्या दिवसापासून मी घरी गेले की बाबांचा पहिला प्रश्न — "सापडले का?" चपला काढायच्या आधी.

मी एकेक काच उजेडासमोर धरून बघायची. पगडीवाले पुष्कळ होते. पण बाबा सांगत तसे कोणीच नव्हते. आमच्या पणजोबांच्या कपाळावर खोक होती म्हणे, लहानपणी विहिरीच्या पायरीवर पडल्याची. तशी खोक एकाच्याही कपाळावर नव्हती. पेट्या संपत आल्या. मी बाबांना म्हणायची, अजून पुष्कळ आहेत.

आणि एका दुपारी सुजाता किंचाळली.

तिच्या हातात एक काच होती. निगेटिव्हमध्ये तोंड काळं दिसतं, केस पांढरे, माणूस ओळखू येणं कठीण. पण हात दिसत होता. खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात, करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट नसलेला. तिनं मला सांगितलं — तिच्या वडिलांचे आजोबा लष्करात मोतद्दार होते. साहेबाच्या घोड्यानं त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं चावून तोडली होती. साहेब विलायतेला परत जाताना आठवण म्हणून सगळ्या नोकरांचे फोटो काढून घेऊन गेला, त्यांचाही नेला. घरी त्यांचं काहीही नव्हतं. नाव होतं आणि ही बोटांची गोष्ट होती.

ती शोधत नव्हती हो! मी शोधत होते. महिनोन्‌महिने, डोळे दुखेस्तोवर. आणि सापडला कुणाला? जिनं कधी आपल्या पणजोबांचं नाव ऑफिसात काढलं नव्हतं, तिला. मी काय म्हणाले ठाऊक आहे? मी म्हणाले, "अगं वा!" आणि काच तिच्या हातातून घेतली. म्हटलं, मी स्कॅन करते, तू वडिलांना फोन कर. ती खाली बूथवर पळाली.

काचेला दोन बाजू असतात. एक चकचकीत, एक मंद. मंद बाजूवर फोटोचा थर असतो. आमचा नियम होता — काचेवर काच. म्हणजे चकचकीत बाजू खाली, स्कॅनरच्या काचेवर. उलट ठेवली की फोटो आरशातल्यासारखा येतो, डावं ते उजवं. पहिल्याच आठवड्यात मी सुजाताला हे शिकवलं होतं. आणि खात्री कशी करायची तेही — पुरुषाच्या कोटाची बटणं बघ. पुरुषाच्या कोटात डावी बाजू वर येते. उजवी बाजू वर दिसली तर समज, काच पालथी पडली.

त्या दुपारी माझ्या हातून काच पालथी पडली. शपथेवर सांगते, ती चूकच होती. लक्ष नव्हतं. इथवर मी कुणाचं काही वाईट केलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. येरवड्याहून दोन बसा बदलून. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी सोडलं — फोटोची चौकट. लाकडी, काच बसवलेली, येतानाच विकत घेतलेली. घरी बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्यांनी खिळाही ठोकून ठेवला होता, सुजातानं हसत हसत सांगितलं. मी मोठा प्रिंट काढून ठेवला होता. त्यांनी चष्मा पुसला, प्रिंट हातात घेतला आणि बराच वेळ चेहऱ्याकडे बघत राहिले. सुजाता त्यांच्याकडे बघत होती. मी चौकटीकडे बघत होते. माझे बाबा माझ्या जन्मात कधी माझ्या ऑफिसात असे इस्त्रीचा शर्ट घालून आले नव्हते.

मग त्यांची नजर हातावर आली. त्यांनी स्वतःचा डावा हात वर केला, प्रिंटशी ताडून पाहिला. मग उजवा.

"हा तर उजवा हात आहे," ते म्हणाले.

मी प्रिंटकडे पाहिलं. बटणं ढळढळीत दिसत होती. कोटाची उजवी बाजू वर.

मला कळलं. त्याच क्षणी, पूर्णपणे कळलं.

"आमचे वडील डावाच म्हणायचे," ते म्हणाले. "शंभरदा सांगितलंय त्यांनी." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी संकोचानं — "ताई, फोटो असा उलटा येतो का हो कधी?"

मी उत्तर द्यायच्या आत सुजाता बोलली. "बाबा, ताईंनी केलंय. ताईंच्या हातून उलटं येत नाही."

ते तरीही माझ्याकडेच बघत होते. आशेनं. मला नुसतं हो म्हणायचं होतं. एक मिनिटाचं काम होतं, काच उलटवून परत ठेवायची.

मी म्हणाले, "नाही."

हेच ते. हेच मला सांगायचं होतं. एवढ्यासाठी तुम्हाला एवढं फिरवलं.

का म्हणाले? मी हा प्रश्न स्वतःला खूप विचारला आहे आणि दरवेळी एकच उत्तर येतं, ते काही फार खोल नाही. मला सहन झालं नाही. आमच्यासारख्या घराला, पगडीवाल्या हेडक्लार्कच्या घराला काही मिळू नये आणि साहेबाच्या घोड्याला खरारा करणाऱ्याच्या घराला मिळावं — हे माझ्या मनात आलं, याच शब्दांत आलं. बाकी सगळं मी नंतर रचलेलं आहे.

त्यांनी प्रिंट हलकेच टेबलावर ठेवला. फोटोतल्या त्या माणसाला हात जोडले. म्हणाले, "असू दे. कुणाच्या तरी घरचेच असतील." मी चहा मागवला. त्यांनी तो पूर्ण प्यायला, बरा झालाय म्हणाले. निघताना चौकट उचलली, पुन्हा खाली ठेवली. "ही राहू द्या इथंच, ताई. घरी नेली तर रोज रिकामी दिसेल."

सुजाता त्यांना बसस्टॉपवर सोडायला गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते आणि ती मलाच सॉरी म्हणाली, उगाच तुमचा वेळ घेतला म्हणून.

वर्षभरात तिला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. पेढे द्यायला आली तेव्हा मला वाकून नमस्कार करू लागली, मी पाय मागे घेतले. ती गेल्यावर, सगळं काम संस्थेला पाठवायच्या आधी, मी तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि सुलटा केला. हो, केला. माझ्या हातचं काम चुकीचं जावं हे मला खपलं नसतं. आता तो इंटरनेटवर आहे, कुणीही बघावा. डावा हात डाव्या जागी, बटणं बरोबर, खाली लिहिलंय — अनोळखी नोकर. सुजाता खराडीला मोठ्या हुद्द्यावर आहे, दिवसभर इंटरनेटवरच असते. पण ती तो कशाला बघायला जाईल? तिच्या लेखी तो तिचा नाहीच.

मध्यंतरी तिचे वडील गेले. मी भेटायला गेले होते. बुद्धाच्या तसबिरीच्या एका बाजूला वडिलांचा फोटो लावला होता. दुसऱ्या बाजूच्या खिळ्यावर कॅलेंडर होतं. तिनं मला आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं, म्हणाली, "ताई, बाबा तुमची आठवण काढायचे. म्हणायचे, त्या बाईंनी किती आपुलकीनं चहा पाजला." मी तेव्हा सांगू शकले असते. घरात आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, काळजी घे, आणि रिक्षा पकडली.

आणि ती चौकट?

ती मी घरी आणली. शेवटची पेटी संपली त्या आठवड्यात. बाबा रोजच्यासारखे दारात उभे होते — "सापडले का?" — आणि माझ्या पिशवीत प्रिंट होता. पगडी, उपरणं, हातात काठी. कोण होता देव जाणे. पाकिटावर त्याचं नाव होतं, आमच्या आडनावाशी काडीचाही संबंध नसलेलं. ते पाकीट मी ऑफिसातच ठेवलं. त्याच्या कपाळावर खोक मी कॉम्प्युटरवर रेखाटली, माऊसनं, बारीक. सॉफ्टवेअरमध्ये असं कसं करायचं ते मला सुजातानंच शिकवलं होतं. चौकट फोटोला अगदी बेताची बसली.

बाबा चौकट घेऊन खिडकीशी गेले. रडले. म्हणाले, "नाक बघ, आपलंच."

आता बाबा नाहीत. सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या दर्शनी भिंतीवर तो गृहस्थ अजून आहे. पितृपक्षात भाऊ त्याला हार घालतो, नैवेद्य दाखवतो. परवा माझी भाची शाळेसाठी घराण्याची माहिती लिहायला बसली होती. तिनं पेन्सिलनं फोटोकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "आत्या, हे नक्की कोण?"

मी म्हणाले, आपले पणजोबा.