ड्रोनखाली उभ्या राहणाऱ्या बाई

"बाजूला व्हा. पक्षी बघायला आलात ना? मग मला तुम्ही का दिसताय?"

कात्रजच्या पलीकडच्या तळ्यावर बाईंनी माझं स्वागत केलं ते असं. कसब्यात राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, गुडघ्याने बेजार. उडते चित्रबलाक टिपायचे, एवढाच त्यांचा नाद. चित्रबलाक म्हणजे पिवळ्या चोचीचा, पाठीवर गुलाबी झाक असलेला थोराड करकोचा. तळ्यातल्या बाभळींवर त्यांची घरटी होती.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. शेजारी उभं राहायला नको वाटतं, पण चांगली जागा नेमकी तिथेच असते.

पक्षी आपणहून उठेपर्यंत बाई थांबत. एकाने पक्ष्यांना उडवायला टाळ्या वाजवल्या. बाईंनी विचारलं, "आरती सुरू झाली का?" त्याने पुन्हा टाळी वाजवली नाही.

मग एक फोटोग्राफर ड्रोन घेऊन आला. यंत्र घरघरत बाभळींवर गेलं आणि सगळे बलाक एकदम उठले. काठावर कॅमेरे कडकडले. उघड्या घरट्यांवर कावळे उतरले. बाईंनी कॅमेरा पिशवीत ठेवला.

"खाली घ्या ते," त्या म्हणाल्या.

"काकू, पाच मिनिटं. तुम्हालाही फोटो मिळतील."

"मी मागितले का?"

मनासारखे फोटो झाल्यावर त्याने ड्रोन उतरवायला घेतला तेव्हा बाई बरोबर त्याच्या खाली जाऊन उभ्या राहिल्या. त्याने दुसरी मोकळी जागा पाहिली. बाई लंगडत तिथे. तो ओरडला, विनवण्या केल्या, दंडाला धरून ओढलं. त्या हलल्या नाहीत. शेवटी पाण्यावर घिरट्या घालतानाच बॅटरी संपली आणि यंत्र तळ्यात गेलं.

प्रकरण पोलीस चौकीत पोचलं. मी साक्ष दिली की बाईंनी ड्रोनला हातही लावला नाही. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्हाला कोणी बोलावलं होतं?"

तळ्यावर येणाऱ्या आमच्यातल्या बहुतेकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांना त्याचा पत्ता लागला असेल, असं मला वाटत नाही. त्या हंगामात तळ्यावर पुन्हा ड्रोन उडाला नाही. पिल्लं मोठी होऊन उडाली. बाईंनी तेवढं पाहिलं आणि मग गुडघ्याने त्यांना कायमचं घरी बसवलं. मुलीने त्यांना विश्रांतवाडीला नेलं, बऱ्याच वरच्या मजल्यावर.

मी भेटायला गेलो. बाई गॅलरीत होत्या. कॅमेरा दिसला नाही.

"कसं वाटतं इथे?"

"लिफ्ट बंद पडली की बरं वाटतं. कोणी येत नाही."

मी चहा संपवत होतो, तेवढ्यात एक घार आली. गॅलरीच्या खालून, अगदी जवळून. पंख न हलवता ती इमारतीला वळसा घालत होती. बाई कठड्यावर वाकल्या.

"आयुष्यभर यांची पोटंच पाहिली हो," त्या हळूच म्हणाल्या. "उडताना पाठ कधी दिसली नव्हती."

मी "येतो" म्हटलं. त्यांनी वळून पाहिलं नाही.