त्रेचाळीस मास्तर आणि एक पात

शिवकन्येच्या फोनमध्ये त्रेचाळीस मास्तर होते आणि त्यातल्या एकाकडेही ती चौथ्या धड्यापुढे गेली नव्हती.

वडवणीजवळच्या त्या वस्तीवर बी.एस्सी. झालेली ही एकटीच पोरगी. प्रोग्रामिंग घरबसल्या शिकायचं, तेही फोनवर, हे खूळ तिने उन्हाळ्यात डोक्यात घेतलं आणि तेव्हापासून तिचं चित्त म्हणून थाऱ्यावर नव्हतं. एक मास्तर पहिली वीस मिनिटं स्वतःचंच कौतुक सांगायचा. दुसरा हिंदीतून ‘एकदम आसान’ म्हणत असा सुसाट सुटायचा की हिला दम लागायचा. तिसऱ्याची अक्षरं मुंगीएवढी. मग ही व्हिडिओखालच्या लोकांच्या प्रतिक्रिया वाचत बसायची. त्यात कुणी चौथ्याच मास्तराची तारीफ केली, की निघाली तिकडे. बरं, कुठंही गेली तरी काम एकच. दोनशे पानी वहीत सगळा कोड सुवाच्य अक्षरात उतरवायचा आणि वर लाल पेनाने मथळा द्यायचा. कॉलेजात अशाच नोट्स पाठ करून पहिला वर्ग मिळाला होता. फोनवरच चार ओळी स्वतः लिहून चालवून बघाव्यात, हे या शहाणीला सहा महिन्यांत एकदाही सुचलं नाही.

आणि आता वेळ उरला नव्हता. संभाजीनगरच्या एका छोट्या कंपनीत शिकाऊ म्हणून पोरं घेणार होते, त्यांची ऑनलाइन परीक्षा येत्या गुरुवारी होती. इकडे दसरा झाला की ऊसतोडीची टोळी निघणार. टोळीत दोन माणसांच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकट्याला अर्धा. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. थोरला भाऊ युवराज आणि वहिनी रोहिणी असा त्यांच्या घरचा कोयता. पण रोहिणी नुकतीच बाळंत झालेली. गुडघे गेल्यामुळे माय, भिवराबाई, तीन वर्षांपासून टोळीत जात नव्हती. राहिली शिवकन्या.

“पास झालीस तर जा संभाजीनगरला,” युवराज म्हणाला होता. “न्हाईतर माझ्यासंगं चल. पास झालीस तर दुसरं कुनी बघू.”

दुसरं कुणी म्हणजे कोण, हे शिवकन्येने विचारलं नाही. तिला तेवढी उसंतच नव्हती.

शनिवारी कंपनीने नमुन्याचा प्रश्न पाठवला. आकड्यांची एक यादी घ्या, त्यात कोणते आकडे पुन्हा आले ते शोधून काढा. तिने वही उघडली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. हा प्रश्न वहीत नव्हता. आणि मग तिने काय करावं? चव्वेचाळिसावा मास्तर शोधायला घेतला.

रविवारी सटवातात्याच्या रानात सोयाबीन काढायला सगळ्या बाया गेल्या. भिवराबाई बसत-उठत का होईना, विळा चालवत होती. जिने तिने आपापली पात, म्हणजे आपल्या वाट्याच्या ओळींचा पट्टा, धरली होती. शिवकन्येचं ध्यान फोनमध्ये. मध्येच तिला शेजारची पात विरळ दिसली म्हणून ती तिकडे सरकली, तिथे गवत लागलं तशी पुन्हा पलीकडे. दुपारपर्यंत बाकीच्या बाया बांधाला टेकल्या आणि हिच्या तीन पाती अर्ध्यात उभ्या.

“पात सोडून कावून उठतीस गं?” भिवराबाईने विचारलं. “तुझ्या फोनातबी आसंच चाललंय. ह्यो मास्तर वाईट, त्यो मास्तर वाईट.”

“चांगलं शिकवत न्हाईत, माय.”

“मला कोयता कुनी शिकवला? तुझ्या आजीला लई दिवस नुसती बघत व्हते. काय न्हाई आलं. हातात धरला, बोट कापलं, मंग आलं.”

शिवकन्येला राग आला, आणि राग आला म्हणजे खरं बोलणं लागलं होतं.

संध्याकाळी तिने यादीतला सगळ्यात रटाळ मास्तर उघडला. म्हातारा गृहस्थ, मागे पंख्याची घरघर, बघणारे जेमतेम शंभर. प्रत्येक धड्याच्या शेवटी तो एक प्रश्न घालायचा आणि उत्तर न देता निघून जायचा. उत्तर देत नाही म्हणूनच तिने त्याला दुसऱ्या दिवशी सोडलं होतं. आता तिने वही उतरंडीमागे टाकली आणि फोनवरच लिहायला घेतलं. पहिल्यांदा चुकलं. मग चुकलं ते का, ते कळलं. मग दुसऱ्याच ठिकाणी चुकलं. बुधवारपर्यंत दिवसाकाठी वीसदा तरी तिचं बोट कापलं असेल, पण आकड्यांची यादी सुटली. कोणी न सांगता सुटली.

गुरुवारी वडवणीच्या परमेश्वर सरांच्या संगणक क्लासमध्ये बसून तिने परीक्षा दिली. तीनपैकी दोन प्रश्न पुरे झाले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी निरोप आला, घेतलंय म्हणून.

ती आनंदाने धावतच घरी आली. अंगणात भिवराबाई दगडावर पाणी शिंपडून कोयत्याला धार लावत होती. रोहिणीचा कोयता नव्हे. तीन वर्षं आढ्याला खोचून ठेवलेला, स्वतःचा. गुडघ्यांना तिने जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आवळून बांधल्या होत्या.

शिवकन्या जागीच थांबली. दुसरं कुणी म्हणजे कोण, ते तिला आता कळलं.

“माय, तू नगं जाऊ. मी जाते युवराजदादासंगं. कंपनीचं पुढल्या साली बघू.”

भिवराबाईने अंगठ्याने धार पाहिली. वर पाहिलं नाही.

“ही माझी पात हाय,” ती म्हणाली. “तू आता अर्ध्यातून उठू नको.”