ग्रुपवरचा म्हातारा
आमच्या गावच्या धानवाल्यांच्या ग्रुपवर कोणी लांबलचक सल्ला दिला की खाली अजूनही ते स्टिकर येतं: डोक्याला गमछा, फोन तोंडाशी धरून बोलणारा म्हातारा. ते मी बनवलं होतं. तो म्हातारा खराच होता; त्याची बांधी, म्हणजे धानाचं शेत, माझ्या बांधीला लागून होती. लिहिता येत नसे, म्हणून तो धुऱ्यावर, आमच्या मधल्या बांधावर, उभा राहून ग्रुपवर बोलून पाठवायचा. आधी रामराम, मग पाऊसपाणी, बैलाची तब्येत, आणि मुद्दा अगदी शेवटी. एका सकाळी त्याचं बोलणं दहा सेकंद ऐकून मी ते स्टिकर टाकलं. सगळे हसले. दुपारी तो ग्रुप सोडून गेला. पुढच्या पंधरवड्यात माझं धान किडीनं जागोजागी जळाल्यासारखं झालं, तेव्हा कुठे मी ते बोलणं पूर्ण ऐकलं. बैलानंतर तो म्हणत होता, "बाबू, तुह्या धानाच्या बुडाशी तुडतुडे दिसून राहिले. आजच पाणी काढ." मी धुऱ्यावर जाऊन उलट त्यालाच विचारलं, "घरी येऊन काऊन नाही सांगितलं?" तो म्हणाला, "सांगलो होतो ना बाबू. तुमी हासून राहिले होते." म्हातारा यंदा गेला. स्टिकर मी माझ्या फोनमधून पुसलं. गावच्या बाकी फोनांत तो अजून बोलतोच आहे, तोंड उघडं, आवाज नाही.