राब भाजल्याशिवाय नाही

वैशाखात आमच्या पाड्याची वाट चढायची तर उजाडायच्या आत निघावं. मी मोखाड्याहून साडेनऊला निघालो. शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं खुर्ची उबवली की उन्हाचा हिशेब विसरायला होतं. सूर्यमाळच्या अलीकडे जीपमधून उतरलो, मान वर करून कड्याकडे बघितलं आणि तिथेच पाण्याची पहिली बाटली अर्धी केली.

वाट कड्याला चिकटून वर जाते. सुटे दगड, वाळलेलं निसरडं गवत, दोन्ही अंगांना करवंदाच्या जाळ्या. लहानपणी मी ती पळत उतरायचो असं मुलांना सांगतो, ते खरं आहे. पण हल्ली दर वीस पावलांना मी देखावा बघायला थांबतो. अर्ध्यावरच्या कातळात पूर्वी खोदलेल्या पायऱ्या होत्या. गेल्या पावसाळ्यात दरड येऊन त्या गेल्या. आता तिथे उजवीकडे वळून, मुळांना धरून, दोन पुरुष उंची चढावी लागते. मी ती चक्क चार पायांवर चढलो. बघायला कुणी नव्हतं हे बरं.

जायचं कारण आई. गेल्या महिन्यात पाड्यावर तपासणी झाली, तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्याचं सांगितलं होतं. मी निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी जव्हारला शस्त्रक्रियेचं शिबिर होतं. ते चुकलं तर मग पाऊस, निसरडी वाट, आणि दिवाळीपर्यंत वाट बघणं. तोवर थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईचं फोनवर एकच पालुपद होतं, "थोडं धूसर दिसतं, एवढंच. मी येत नाय."

खरं सांगायचं तर मी रागातच चढत होतो. ही बाई बाजाराला मोखाड्याला उतरते, असं वर्षभर फोनवर सांगायची, आणि बाजारापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या माझ्या घरी पाऊल टाकायची नाही. विचारलं की, "घाई होती रं." माझ्या बायकोने तर आपलं काय चुकलं म्हणून मनाला लावून घेतलं होतं. मीही एकदा दिवाळीत वर गेलो असताना घालूनपाडून बोललो होतो, "आमच्या घरचा चहा कडू लागतो का?" ती चुलीकडे तोंड करून बसली होती.

पोचलो तेव्हा ती ओट्यावर होती. माझा खोकला ऐकून म्हणाली, "आलास? पाणी पी. आणि ऐक, राब भाजल्याशिवाय मी हलायची नाय."

राब म्हणजे रोपांची जागा भाजणं. भात-नाचणीचं बी टाकायचं त्या तुकड्यावर शेण, ऐनाच्या फांद्या, पाला, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचं. जमीन भाजली की तण येत नाही, रोप जोमाने येतं. थर तिने शेजारणीला घेऊन रचून ठेवले होते. पेटवायचं तेवढं राहिलं होतं. आणि डोळे कापल्यावर धुरात जाता येणार नाही, हे तिचं म्हणणं बरोबरच होतं.

"मी पेटवतो," म्हणालो. ऊन कललं तेव्हा तिला बांधावर बसवून मी काडी ओढली. जिकडून वारा येत होता तिकडूनच पेटवलं, झटकन पेटावं म्हणून. आमच्या पाड्यावर सात वर्षांचं पोरही ही चूक करत नाही. राब वाऱ्याच्या उलट्या अंगाने लावतात. जाळ वाऱ्याशी भांडत हळूहळू सरकला तरच माती भाजते. माझा जाळ वाऱ्यावर बसून सुसाट निघाला. आई गप्प होती. मला वाटलं, वयाने निवळली. जाळाचा आवाज चढला तेव्हा ती ओरडली, "कुठनं लावलास रं? वरचं गवतच जळलं नुसतं!" मग मी वाऱ्याला दोष दिला. नाचता येईना, अंगण वाकडं. उरलेला तुकडा तिने मला उलट्या अंगाने लावायला लावला, तो नीट भाजला.

पहाटे निघालो. ती पुढे, मी मागे. ती इतकी सरळ चालत होती की मला शंका आली, हिला शस्त्रक्रिया लागते तरी कशाला? दगड चुकवत होती, फांदीखाली वाकत होती. मीच दोनदा बसलो.

दरडीपाशी आम्ही आलो. उतरताना वळायचं डावीकडे होतं. आई वळली नाही. तिने सरळ पाय पुढे टाकला, जुन्या पहिल्या पायरीवर.

मी लुगडं धरून मागे ओढलं आणि दोघंही गवतात आदळलो. खाली दगड गडगडत गेले.

"वाट तुटली म्हणत होते," ती म्हणाली. "हिथं तुटली ते ठावं नव्हतं."

"आई, तू बाजाराला येत होतीस ना?"

ती गुडघे चोळत राहिली. "मीठ-तेल शेजारीण आणते. वाट दिसत नाय हे तुला सांगून काय करू? तू आला असतास न्यायला, अन् मग राहिलं असतं घर, राहिलं असतं शेत." मग म्हणाली, "चल माघारी. मी नाय उतरायची."

चहाचं ते बोलणं मला आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. मी उलटा होऊन मुळांना धरून दोन हात खाली उतरलो आणि तिचा पाय धरला. टाचेच्या भेगांत कालची राख होती. "हा इथे टाक," म्हणालो. तिने पाय आखडून घेतला. मी सोडला नाही. शेवटी तिने तो ढिला केला. मग दुसरा. अशी एक एक जागा दाखवत, तिचे पाय माझ्या हातांनी ठेवत आम्ही तो टप्पा उतरलो. फार वेळ लागला. माझी ढोपरं सोलली.

खाली सपाटीवर तिने माझी बाही घट्ट पकडली. पुढची वाट जुनीच होती, तिच्या पायांना पाठ असलेली, तरी तिने हात सोडला नाही.

"अजून किती राह्यलं?" तिने विचारलं.

त्या वाटेबद्दल तिने मला आजवर कधी काही विचारलं नव्हतं.

"थोडंच," मी म्हणालो. अर्धं राहिलं होतं.