नियमबाईंचं पहिलं पान

नोटीस आली तेव्हा नियमबाई फासे ठेवायची पिशवी शिवत होत्या. पत्र वाचून झाल्यावर त्यांनी सुई गादीत खुपसली आणि जे काही बोलल्या ते इथे छापता येणार नाही.

"कोण मेलं?" आतल्या खोलीतून आत्याने विचारलं.

"अजून कोणी नाही," नियमबाई म्हणाल्या.

नियमबाई गोष्टींच्या खेळांची पुस्तकं काढत. हा खेळ टेबलाभोवती चालतो. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी चोर. प्रसंग अडला की फासे टाकायचे आणि पुढे जायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यासाठी नियमांचं जाडजूड पुस्तक लागतं, आणि ते लिहिणारा माणूस असा हवा की ज्याने पळवाटा शोधणाऱ्या सहा भांडकुदळांना एका वाक्यात गप्प बसवावं. नियमबाईंना ते जमायचं. त्यांचं खरं नाव खेळणाऱ्यांपैकी कुणालाच आठवत नसे, आणि त्यांची त्याबद्दल तक्रारही नव्हती.

नोटीस होती थोरल्या कंपनीची. ही थोरली कंपनी बावीस वर्षांपूर्वी टायर दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत जन्मली होती. रबराचा वास, एक टेबल, तीन खुर्च्या. त्यातल्या एका खुर्चीवर नियमबाई बसत, दुसरीवर एक चित्रकार, जो पुढे कंटाळून निघून गेला, आणि तिसरीवर आजचे साहेब. साहेब तेव्हा खेळात नेहमी चोर व्हायचे, म्हणून सगळे त्यांना चोर म्हणूनच हाक मारत, आणि तेही आनंदाने ओ देत. आज कुणी त्यांना तशी हाक मारली तर बदनामीचा दावा लागेल. मला विचाराल तर हाक मारणाऱ्याचं फारसं काही चुकणार नाही.

नऊ वर्षं नियमबाईंनी तिथे नियम लिहिले. तिसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर एकट्या साहेबांचं नाव आलं. त्या दिवशी नियमबाईंनी खुर्ची मागे सारली, साहेबांना चार शब्द सुनावले आणि आत्याच्या घरातल्या पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान मांडलं. धंद्यातले लोक त्याला 'धाकटी' म्हणू लागले.

थोरलीच्या प्रत्येक पुस्तकामागे छापलेलं असायचं की, या नियमांवर कुणीही आपल्या गोष्टी रचाव्यात आणि खुशाल विकाव्यात. हा काही दानधर्म नव्हता. जितक्या गोष्टी जास्त, तितकी नियमांची पुस्तकं जास्त खपणार, हा हिशेब त्यात होता. धाकटी त्या परवानगीवर बारा वर्षं गोष्टी काढत राहिली. मग दुकानांत लोक आधी धाकटीचं पुस्तक मागू लागले, आणि ते साहेबांच्या डोळ्यांत खुपलं. या खेळांचा वार्षिक मेळा सात आठवड्यांवर आला होता, धाकटीचं नवं पुस्तक छापखान्यात जायला तयार होतं, आणि नेमक्या त्या वेळी नोटीस आली: परवानगी रद्द. आमच्या नियमांवरचं एकही पान छापाल तर कोर्टात भेटू. मेळा चुकला की धाकटी बुडणार, हे नियमबाईंना माहीत होतं आणि साहेबांनाही.

वकीलबाईंनी कागद चाळले. "खेळायची रीत कुणाच्या मालकीची नसते," त्या म्हणाल्या. "शब्द मात्र असतात. रीत तीच ठेवा आणि नियमांचं स्वतःचं पुस्तक पहिल्या ओळीपासून नव्या शब्दांत लिहा. त्यांचं एक वाक्य सापडलं तरी गेलात."

"त्यांची वाक्यं?" नियमबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "अहो, ती मीच लिहिलीत!"

"नोकरीत असताना ना? सही केली होती ना? मग ती त्यांची."

दोनशे बारा पानं. नियमबाई लिहायला बसल्या की हाताला जुनीच वाक्यं यायची; ती त्यांनीच घडवलेली, दुसरी येणार कुठून? शेवटी त्यांनी आत्याला समोर बसवलं. आत्याने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढलेली. हजारो माणसांचं बोलणं कानावरून गेलेलं. खेळ तिला अजिबात कळत नव्हता आणि फासे टाकणारी मोठी माणसं तिला बिनकामाची वाटत. रोज सकाळी ती डोळे मिटून खुर्चीत बसायची, नियमबाई एकेक नियम तोंडी समजावून सांगायच्या आणि सांगता सांगता लिहायच्या. मध्येच आत्याचं बोट वर जायचं.

"हे तुझं नाही. पुस्तकातलं आहे. तू अशी बोलत नाहीस."

"आत्या, ते पुस्तक मीच—"

"असेल. पुन्हा सांग. मी ठार बावळट आहे असं समज आणि सांग."

नियमबाई चिडायच्या, कागद चुरगळायच्या, आणि पुन्हा सांगायच्या. सहा आठवड्यांत पुस्तक झालं. जुन्यापेक्षा चांगलं झालं, म्हणून तर त्यांना जास्तच संताप यायचा.

पहिलं पान तेवढं राहिलं. त्यावर एकच वाक्य होतं, प्रत्येक खेळाच्या सुरुवातीला सूत्रधार म्हणायचा ते: 'आत काय आहे ते मला माहीत आहे, तुम्ही काय कराल ते माहीत नाही, म्हणून तर खेळायचं.' टायरवाल्याच्या माडीवर, पहिल्या खेळात, बंद दारापुढे चोर घाबरून बसला होता तेव्हा नियमबाईंच्या तोंडून ते निघालं होतं. आज हजारो टेबलांवर लोक ते पाठ म्हणतात. नियमबाईंनी ते नाना तऱ्हेने सांगून पाहिलं, पण दरवेळी तिथेच येऊन थांबल्या. आणि या वाक्याला आत्याचं बोट एकदाही वर गेलं नाही.

"हे तुझंच आहे की," ती म्हणाली.

"तेच तर!" नियमबाई ओरडल्या. त्या दिवशी त्या रडल्या, आणि रडल्याचा राग येऊन त्यांनी कपाट आवरायला काढलं.

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिल्या पानावर फक्त एक रिकामी चौकट होती.

मेळ्यात धाकटीच्या टेबलावर नियमबाईंनी पेन्सिली ठेवल्या. कुणाला काही सांगितलं नाही. सर्वांत आधी आलेल्या एका नर्सने पान उघडलं, नियमबाईंकडे पाहिलं, पेन्सिल उचलून वाक्य लिहिलं आणि पुस्तक पिशवीत टाकलं. मग तिच्यामागच्याने लिहिलं. दुपारपर्यंत रांग लागली होती.

साहेब आले ते त्यांच्या वकिलांनी सांगितलं म्हणून, एक वाक्य तरी सापडतंय का ते पाहायला. बरोबर त्यांचा संपादक होता. आत्या टेबलामागे खुर्चीत डोळे मिटून बसली होती.

"कशी आहेस?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही बघताच आहात," नियमबाई म्हणाल्या. बावीस वर्षांत त्यांनी या माणसाला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं.

साहेबांनी पहिलं पान उघडलं आणि हसले. "हे काय? छापायचं राहिलं?"

"इथलं वाक्य तुमची मालमत्ता. मला छापायची परवानगी नाही. तुम्हाला आहे." त्यांनी पेन्सिल पुढे केली. "लिहा ना."

रांगेतली माणसं बघत होती. साहेबांना मागे हटता येईना. "त्यात काय," म्हणत त्यांनी पेन्सिल टेकवली आणि मोठ्याने म्हणाले, "आत काय आहे ते मला माहीत आहे..." पेन्सिल थांबली. त्यांनी संपादकाकडे पाहिलं. संपादकाला पाठ होतं, पण तो जमिनीकडे बघत राहिला. "...तेव्हा मी सांगतो तसं करा. असंच काहीतरी आहे ना ते?"

रांगेत कुणी हसलं नाही.

आत्याने डोळे न उघडताच बोट वर केलं.

"हे याचं नाही," ती म्हणाली.